सुई टोचण्याआधीचा प्रश्न: रुग्णालयातल्या लॅब तपासण्यांची मागणी ताळ्यावर कशी आणायची

पहाटे साडेपाचला आमचा टेक्निशियन ट्रॉली ढकलत मेडिसिन वॉर्डात शिरतो. जांभळ्या, लाल, निळ्या टोपणांचे बल्ब (रक्त घ्यायच्या नळ्या), कापूस, स्पिरिट, दंडाला बांधायचा रबरी पट्टा. एका पहाटे मीही त्याच्याबरोबर गेले. सात नंबरच्या खाटेवरच्या आजींनी हात पुढे केला, तो कोपराच्या खळग्यात आधीच काळानिळा झालेला. "बाळा, कालच तर काढलंस की रक्त. परवाही काढलंस. एवढ्याचं करता काय?" "डॉक्टरांनी लिहिलंय, आजी," एवढंच तो म्हणाला आणि दुसऱ्या हाताची शीर चाचपू लागला.

नर्सिंग स्टेशनवर बसून मी आजींचे इंडोर पेपर चाळले. न्यूमोनिया, पाचवा दिवस, ताप उतरलेला, जेवण सुरू. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), आरएफटी (मूत्रपिंडाच्या तपासण्या), एलएफटी (लिव्हरच्या तपासण्या) आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणारं प्रथिन) पाचही दिवस. त्या आकड्यांवरून औषध बदललं होतं एकदाच, दुसऱ्या दिवशी. बाकी सगळं मागील पानावरून पुढे चालू.

एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी बरीच वर्षं लॅब सांभाळते. त्या पहाटेनंतर एक गोष्ट मनात पक्की बसली: तपासणीची मागणी लॅबमध्ये जन्माला येत नाही. ती राऊंडवर, पेनाच्या टोकाशी आणि सवयीतून जन्माला येते. लॅबला ती दिसते तेव्हा रक्त बल्बात आलेलं असतं. तिथे फॉर्म परत पाठवून काही वाचत नाही, भांडण तेवढं होतं. म्हणून कामाला सुरुवात वॉर्डात करायची. पन्नास ते तीनशे खाटांच्या, महागडं सॉफ्टवेअर नसलेल्या रुग्णालयात हे कसं करायचं, ते पुढे क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीलाच: तपासण्या कमी करणं हे उद्दिष्ट नाही

पहिल्या बैठकीत हे मोठ्याने सांगा, नाहीतर सगळे डॉक्टर हा व्यवस्थापनाचा पैसे वाचवायचा डाव समजतील. २०१३ मध्ये पंधरा वर्षांतल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी २१ टक्क्यांच्या आसपास तपासण्या गरज नसताना झालेल्या आढळल्या, आणि गरज असूनही न झालेल्यांचं प्रमाण ४५ टक्क्यांच्या जवळपास होतं. म्हणजे राहून जाणारं दुपटीहून जास्त. जो गट फक्त कात्री घेऊन बसतो, तो अर्धंच काम करतो, आणि तेही लहान अर्ध.

कसोटी एकच ठेवा आणि ती राऊंडवर रोज विचारा: हा रिपोर्ट वर आला काय किंवा खाली आला काय, मी उद्या काय वेगळं करणार आहे? उत्तर "काहीच नाही" असेल तर सुई नको. उत्तर असेल आणि तपासणी लिहिलेली नसेल, तर ती आत्ता लिहा.

पायरी पहिली: तीन महिन्यांची मोजणी

अंदाजाने कुणालाही काही सांगू नका. लॅबच्या सॉफ्टवेअरमधून मागच्या तीन महिन्यांचा डेटा एक्सेलमध्ये काढा. रुग्ण क्रमांक, वॉर्ड, तपासणी, सँपल घेतल्याची तारीख आणि वेळ, निकाल, एवढे रकाने पुरतात. नाव काढून टाका. मग या गोष्टी पाहा.

कोणत्या वीस तपासण्या सर्वात जास्त होतात? बहुतेक लॅबमध्ये कामाचा मोठा भार या वीसांवरच असतो, दुर्मिळ महागड्या तपासण्यांवर नाही. वॉर्डांची तुलना करताना नुसता आकडा घेऊ नका, दर शंभर बेड-दिवसांमागे (एक खाट एक दिवस भरलेली म्हणजे एक बेड-दिवस) किती तपासण्या, असं काढा. नाहीतर मोठा वॉर्ड उगाच गुन्हेगार ठरतो. त्याच रुग्णाची तीच तपासणी किती तासांनी पुन्हा झाली? आणि डिस्चार्जनंतर किती रिपोर्ट आले? हा शेवटचा आकडा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त बोलतो. रुग्ण घरी गेल्यावर आलेला रिपोर्ट बहुधा कुणीच वाचलेला नसतो. त्यात कधी पैसे वाया गेलेले असतात, तर कधी कुणी न पाहिलेलं, धोकादायक वाढलेलं पोटॅशियम असतं.

सॉफ्टवेअर नाही? मग एका आठवड्यात डिस्चार्ज झालेल्या पन्नास रुग्णांचे पेपर घ्या. एक इंटर्न आणि एक सिस्टर बसवा. प्रत्येक रिपोर्टपुढे तीनच खुणा: उपचार बदलले, बदलले नाहीत पण निर्णयाला आधार झाला, काहीच झालं नाही. दोन दुपारी लागतात. मोठ्या तक्त्यांपेक्षा हे पन्नास पेपर डॉक्टरांना जास्त पटतात, कारण अक्षर त्यांचं स्वतःचं असतं.

पायरी दुसरी: माणसं

एक फिजिशियन, एक सर्जन किंवा भूलतज्ज्ञ, मेडिसिन वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर, बिलिंगमधलं एक माणूस आणि लॅब. प्रमुखपद फिजिशियनकडे द्या. लॅबवाल्याने "हे लिहू नका" म्हटलं की ती ढवळाढवळ वाटते. सोबतच्या फिजिशियनने म्हटलं की तो सल्ला वाटतो. सिस्टरांना विसरू नका. रोजची ऑर्डर कोण पुढे ढकलतं, कोणाचं सँपल दोनदा जातं, कोणत्या डॉक्टरांना "सगळं पाठवून दिलंय" ऐकल्याशिवाय चैन पडत नाही, हे त्यांनाच ठाऊक असतं.

पायरी तिसरी: जिथे वाद नाही तिथून सुरू करा

पहिल्या महिन्यात अशी तपासणी निवडा की जिच्यासाठी कुणी भांडणार नाही. आमच्याकडे तीन निघाल्या. हृदयविकाराच्या झटक्यासाठी ट्रोपोनिन उपलब्ध असताना सोबत सीपीके-एमबी. स्वादुपिंडाच्या सुजेसाठी लायपेज असताना सोबत अमायलेज, आणि निदान झाल्यावरही ते रोज. तिसरी, थायरॉइडची चाळणी म्हणून सरसकट टी३, टी४ आणि टीएसएच.

थायरॉइडसाठी एक सोपी रचना आहे. फॉर्मवर फक्त टीएसएच ठेवा. तो रेंजबाहेर आला तर लॅबने त्याच सीरममधून (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग), डॉक्टरांना न विचारता, फ्री टी४ करावा. सीरम फ्रिजमध्ये असतंच, रुग्णाला पुन्हा बोलवावं लागत नाही. अपवाद फॉर्मवरच छापा: पिट्यूटरी या मेंदूतल्या ग्रंथीच्या आजाराचा संशय, थायरॉइड वाढल्याची औषधं नुकतीच सुरू झालेली, आणि डॉक्टरांनी कारण लिहून मागितलेली तपासणी. हा नियम कागदावर घ्या, त्यावर फिजिशियन आणि लॅब दोघांच्या सह्या घ्या, तारीख टाका. एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असेल तर तपासनीस हे विचारणारच.

पायरी चौथी: पुन्हा केव्हा?

प्रत्येक तपासणीला स्वतःची एक गती असते, आणि त्याआधी ती पुन्हा केली तर नवं काही कळत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सने अशा किमान अंतरांची सविस्तर यादीच केली आहे. आमच्या भिंतीवर जी लावली आहे ती साधारण अशी:

एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतल्या साखरेची सरासरी): तीन महिने. तांबड्या पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवस, त्यामुळे पंधरा दिवसांत आकडा पुरता बदलूच शकत नाही.

टीएसएच: गोळीचा डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे. डोस स्थिर असेल तर वर्षातून एकदा. गरोदरपणाचा हिशेब वेगळा, तिथे जास्त वेळा.

लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे): स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध सुरू केल्यावर चार ते बारा आठवडे.

व्हिटॅमिन डी: उपचारानंतर तीन महिने, आणि तेही कारण असेल तरच.

सीआरपी: एक दिवस. रक्तातलं सीआरपी निम्मं व्हायला १९ तासांच्या आसपास लागतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ मोजण्यात अर्थ नाही.

एलएफटी: वॉर्डातल्या स्थिर रुग्णात तीन दिवस.

एएनए (स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या प्रतिपिंडांची तपासणी): एकदा पॉझिटिव्ह आला की पुन्हा नको, त्याने आजार वाढला की कमी झाला हे कळत नाही.

हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी (सिकलसेल, थॅलेसेमियासाठी): बहुतेकांना आयुष्यात एकदाच. नुकतंच रक्त चढवलेलं असेल किंवा बाळ फार लहान असेल तर मात्र पुन्हा करावी लागते.

आता अपवाद, कारण अपवाद न सांगता यादी लावणं धोक्याचं आहे. उंदीर मारायची पेस्ट खाऊन आलेला मुलगा पहिल्या दिवशी हसत-बोलत असतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचं लिव्हर कोसळतं. त्याला तीन दिवसांचा नियम लावलात तर जीव जाईल. त्याचं एलएफटी आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) रोज, गरज पडली तर दोनदा. छातीत दुखत असेल तर ट्रोपोनिन एक ते तीन तासांनी पुन्हा करायचंच असतं. डायबेटिक कीटोॲसिडोसिसमध्ये (मधुमेहात रक्तात आम्ल साठण्याची तातडीची अवस्था) पोटॅशियम काही तासांनी.

म्हणून अडवणूक मऊ ठेवा. फॉर्म आला, अंतर पाळलेलं नाही, तर लॅबने वॉर्डात फोन करून एवढंच विचारायचं: "कालच झालंय, रिपोर्ट इतका आहे, तरी हवंय का?" हो म्हटलं की मुकाट्याने करायचं, कारण वहीत नोंदवायचं. आयसीयू, लेबर रूम आणि कॅज्युअल्टीला हा फोनसुद्धा नको. महिन्याच्या शेवटी वही वाचा. एकच कारण वारंवार दिसलं तर चूक नियमाची आहे, डॉक्टरांची नाही. नियम बदला.

पायरी पाचवी: "रोज" हा शब्द

या एका पायरीने सर्वात जास्त फरक पडतो, म्हणून इथे थांबते.

"सीबीसी, आरएफटी रोज" असं एकदा लिहिलं की ते डिस्चार्जपर्यंत चालतं. रविवारी नवे आरएमओ (निवासी डॉक्टर) येतात, त्यांना ते बंद करायचा धीर होत नाही. सोमवारी मोठे डॉक्टर येतात, त्यांना वाटतं काहीतरी कारण असेल. यावर उपाय: कोणतीही तपासणी-ऑर्डर ४८ तासांत आपोआप संपते. पुढे हवी तर पुन्हा लिहावी लागते. इंडोर पेपरवर ऑर्डरच्या रकान्याशेजारी "कधीपर्यंत" असा छोटा रकाना छापून घ्या. तो रिकामा असेल तर सिस्टरने सँपल पाठवण्याआधी विचारायचं. विचारल्याबद्दल कुणी सिस्टरवर ओरडणार नाही, ही हमी फिजिशियनने सर्वांसमोर द्यायची. ही हमी नसेल तर बाकीचं सगळं कागदावरच राहतं.

रक्ताचा हिशेबही लोकांसमोर मांडा. सीबीसीला दोन-तीन मिलिलीटर, बायोकेमिस्ट्रीला तीन-चार, कोॲग्युलेशनला (रक्त गोठण्याच्या तपासण्या) पावणेतीन, एबीजीला (धमनीच्या रक्तातले वायू) एक-दोन. एका वेळेला दहा मिलिलीटर धरा. आयसीयूत दिवसातून दोनदा, दहा दिवस: दोनशे मिलिलीटर. आपल्याकडे रक्ताची पिशवी बहुधा साडेतीनशेची असते. म्हणजे अर्ध्या पिशवीहून जास्त रक्त आपणच काढलं, आणि मग हिमोग्लोबिन घसरलं म्हणून पिशवी मागवली. कॅनडातल्या २५ आयसीयूंमध्ये कमी मापाचे बल्ब वापरून पाहिले, त्याचा अभ्यास २०२३ मध्ये आला. मुख्य विश्लेषणात रक्त चढवण्यातला फरक ठोस ठरला नाही, पण सगळे रुग्ण धरल्यावर ते प्रमाण घटलेलं दिसलं, आणि तपासण्या अडल्या नाहीत. सीबीसीच्या मशीनला प्रत्यक्षात लागतात ते काही थेंबच असतात. एनआयसीयूत (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) तर हे आणखी टोकदार आहे. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ८०-८५ मिलिलीटर रक्त असतं. तिथे एक मिलिलीटर म्हणजे शंभरातला एकाहून जास्त भाग. लहान बल्ब मागवा, आणि प्रत्येक बाळाच्या चार्टवर "आज किती काढलं" हा रकाना ठेवा. निळ्या टोपणाचा बल्ब मात्र खुणेपर्यंत भरलाच पाहिजे. त्यात रक्त आणि सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) नऊला एक या मापात लागतं. कमी भरला तर पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटा वाढलेला येतो आणि पुन्हा टोचावं लागतं.

आणखी एक साधी सोय: सकाळचं सीरम दिवसभर जपून ठेवा आणि वॉर्डांना सांगा की राहिलेली तपासणी फोनवर जोडता येईल. पोटॅशियम आणि साखर यांना हे चालत नाही. सेंट्रिफ्यूज न केलेलं रक्त पडून राहिलं की पेशींमधून पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि पेशी साखर खात राहतात. बाकी बऱ्याच गोष्टींना चालतं.

पायरी सहावी: फॉर्म

ज्या फॉर्मवर साठ चौकोन आहेत, त्यावर टिकमार्क होतातच. "फिव्हर प्रोफाइल", "ॲडमिशन प्रोफाइल" हे चौकोन काढून टाका. वारंवार लागणाऱ्या दहा-बारा तपासण्या छापा, बाकीच्यांसाठी ओळ मोकळी ठेवा. हाताने लिहायला लागलं की माणूस क्षणभर विचार करतो. वरच्या बाजूला एकच प्रश्न सक्तीचा: कशाचा संशय आहे? तिथे "रुटीन" लिहिलेलं चालणार नाही.

दर छापल्याने फरक पडतो का? २०१३ च्या जॉन्स हॉपकिन्समधल्या अभ्यासात दर दाखवलेल्या तपासण्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास घटल्या. २०१७ मध्ये फिलाडेल्फियातल्या मोठ्या चाचणीत मात्र काहीच फरक आढळला नाही. माझं मत असं की दर छापा, कारण आपल्याकडे पैसे बहुतेकदा रुग्णाच्या खिशातून जातात आणि डॉक्टरांना ते ठाऊक असायला हवं. पण त्यावर विसंबू नका.

पायरी सातवी: तापाचा रुग्ण आणि विडाल

पावसाळ्यात आपल्या लॅबचं सर्वात मोठं काम इथे असतं, आणि सर्वात मोठी दिशाभूलही. विडाल ही टायफॉइडसाठी रक्तातली प्रतिपिंडं पाहणारी तपासणी, फर्नांद विडालने ती १८९६ मध्ये मांडली. आपल्याकडे टायफॉइड वस्तीला असल्यामुळे अनेकांच्या रक्तात जुनी प्रतिपिंडं असतात, दुसऱ्या कारणाच्या तापातही ती वाढलेली दिसू शकतात, आणि खऱ्या टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात ती वाढलेली नसतातच. दुसऱ्या दिवशीच्या तापाला एकटी विडाल पाठवणं म्हणजे दोन्ही बाजूंनी चुकण्याची सोय. माझ्यासमोर आलेला एक तरुण आठवतो. बाहेरच्या विडालवर टायफॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनं आठ दिवस चालली होती. स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) पाहिला तर मलेरिया. ते स्लाइडवर पहिल्या दिवशीही दिसलं असतं.

यातलं गणित एकदा समजून घ्या, सगळ्या तपासण्यांना लागू पडतं. समजा एक किट आजारी माणसांपैकी ९५ टक्के पकडतं आणि निरोग्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह देतं. हजार जणांत तीनशे खरे आजारी असतील, तर ३५५ पॉझिटिव्ह येतील आणि त्यातले २८५ खरे. तेच किट अशा हजारांवर वापरा ज्यांत दहाच आजारी आहेत: १०८ च्या आसपास पॉझिटिव्ह, खरे नऊ-दहा. किट तेच, रक्त काढणारा तोच. बदललं ते एवढंच की आधी इतिहास विचारला नाही.

म्हणून आमचा क्रम तापाच्या दिवसावर बांधला आहे. पहिले पाच दिवस: सीबीसी, मलेरियासाठी स्मिअर किंवा कार्ड, डेंगीचा संशय असेल तर एनएस१ (डेंगीच्या विषाणूचं प्रथिन), शक्यतो कार्डऐवजी लॅबमधल्या एलायझा पद्धतीने. पाचव्या दिवसानंतर डेंगी आयजीएम (ताज्या आजारातली प्रतिपिंडं). यासाठीचं किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडून सरकारी केंद्रांना जातं. टायफॉइड वाटत असेल तर पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर, मोठ्यांत एका बाटलीत आठ-दहा मिलिलीटर. कल्चर सगळे रुग्ण पकडत नाही, पण जिथे पकडतं तिथे कोणतं औषध चालेल हेही सांगतं, आणि सिप्रोसारख्या औषधांना दाद न देणारा टायफॉइड आपल्याकडे सर्रास असताना ही माहिती सोन्यासारखी आहे. कोकणातला रुग्ण असेल तर विचारा, भातलावणीला चिखलात उतरला होतात का, पायाला जखम होती का. होकार आला तर लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) डोक्यात ठेवा. अंगावर काळी खपली शोधा, काखेत आणि जांघेतही. स्क्रब टायफस या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची सर्वात स्वस्त तपासणी हीच, फक्त ती नसली म्हणून आजार नाही असं समजू नका.

चुकीची तपासणी थेट बंद करण्याचं उदाहरणही आपल्याच देशात आहे. क्षयरोगासाठी रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी किट खाजगीत धडाक्याने चालत असत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्यांच्याविरुद्ध स्पष्ट सल्ला दिला आणि २०१२ च्या जूनमध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. आजही कुणी "टीबी आयजीजी-आयजीएम" लिहून आणलं तर लॅबने नकार द्यायचा आणि थुंकीच्या जनुकीय तपासणीची वाट दाखवायची.

पायरी आठवी: ऑपरेशनआधीचं "फिटनेस"

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी सरसकट तपासण्या केल्याने फायदा होतो का, हे उत्तर अमेरिकेत सुमारे १९ हजार शस्त्रक्रियांवर पाहिलं गेलं. २००० मध्ये निष्कर्ष आला की गुंतागुंतीत फरक नाही. आपल्याकडच्या शिबिरांत साखर आणि रक्तदाब पाहणं योग्यच आहे, कारण कित्येकांना मधुमेह असल्याचं तिथेच कळतं. पण पूर्ण पॅनेल कशाला? भूलतज्ज्ञांबरोबर बसून एक तक्ता करा: शस्त्रक्रिया छोटी, मध्यम की मोठी, आणि रुग्ण निरोगी की आजारी. प्रत्येक चौकटीत काय लागतं ते लिहा. पंचविशीतल्या निरोगी मुलाच्या हर्नियासाठी पीटी-एपीटीटी लागत नाही. रक्तस्रावाचा इतिहास नीट विचारला की पुरतं.

एचआयव्ही तपासणी या पॅकेजमध्ये गुपचूप घालू नका. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार समजावून सांगून घेतलेली संमती लागते.

पायरी नववी: राहून गेलेल्या तपासण्या

दर सोमवारी ओपीडीच्या यादीतून काढा: ज्या मधुमेहींची लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वर्षभरात झालेली नाही, हृदयाची झडप बदललेले, रक्त पातळ करायची गोळी घेणारे आणि महिनाभर आयएनआर न केलेले, मेथोट्रेक्सेट (संधिवातासारख्या आजारांवरचं औषध) चालू असून सीबीसी-एलएफटी न झालेले, बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणारे आणि पायांना मुंग्या येणारे, ज्यांचं बी१२ कुणी पाहिलेलं नाही. लॅबच्या मोबाइलवरून मेसेज करा, फोन लागला तर बोला. आम्ही हे सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात झडप बदललेल्या एका बाईंचा आयएनआर धोक्याच्या पातळीच्या वर सापडला. तालुक्याच्या गावाहून येणं परवडत नाही म्हणून त्या आल्या नव्हत्या. त्यांना तपासणीची गरज वर्षभर होती. मागणी कुणी केलीच नव्हती.

नंदुरबारमध्ये, तसंच गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर भागांत काम करणाऱ्यांना एक खास सांगणं. सिकलसेल असलेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी खोटा कमी येतो. रुग्ण मधुमेही असूनही "कंट्रोल छान" असा रिपोर्ट हातात पडतो. त्याला उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, किंवा फ्रुक्टोसामाइन (गेल्या दोन-तीन आठवड्यांतली साखर सांगणारी तपासणी). उलट लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी वाढलेला दिसू शकतो.

पायरी दहावी: पैशाबद्दल उघड बोला

हे टाळून पुढे जाता येत नाही. तपासणी पाठवल्याबद्दल कट घेणं-देणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत निषिद्ध आहे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये त्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार झाला. तुमच्या आवारात कट चालत असेल तर वरच्या नऊ पायऱ्या वाया जातील. आधी तो बंद करा.

बिलिंगच्या माणसाला दोन आकडे काढायला सांगा. एक, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णांत तपासण्या पॅकेजच्या आत येतात, म्हणजे अनावश्यक तपासणीचा खर्च रुग्णालयच सोसतं. रोख रुग्णात तीच तपासणी उत्पन्न दिसते. एकाच आजाराच्या दोन रुग्णांत तपासण्यांचा आकडा खूप वेगळा निघाला, तर त्याचं कारण वैद्यकीय नाही. दोन, मशीन रीएजंट रेंटलवर (तपासणीची रसायनं त्याच कंपनीकडून घेण्याच्या बोलीवर) घेतलं असेल तर करारातली महिन्याची किमान तपासण्यांची अट पाहा. मागणी आटोक्यात आली आणि अट तशीच राहिली, तर न वापरलेल्या किटचेही पैसे भरावे लागतात. कराराचं नूतनीकरण ज्या महिन्यात आहे, त्याच्या आधी नवे आकडे हातात ठेवा. आणि विश्वस्तांना भरमसाट बचतीचं आश्वासन देऊ नका. एक तपासणी वाचली की वाचतं ते रीएजंट आणि बल्ब, पगार आणि मशीनचं भाडं तेवढंच राहतं.

"फुल बॉडी चेकअप"बद्दल थोडक्यात. नॉर्मल रेंज ही निरोगी लोकांतल्या ९५ टक्क्यांवर बेतलेली असते. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या पूर्ण निरोगी माणसाच्या केल्या, तरी किमान एक रेंजबाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के. मग त्या एकीच्या मागे सोनोग्राफी, सीटी, धास्ती. निरोगी प्रौढांच्या सरसकट चेकअपने एकूण मृत्युदर कमी होत नाही, हे कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २०१२ मध्ये दिसलं आणि २०१९ मध्ये पुन्हा दिसलं. सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढणारा) सारखे ट्यूमर मार्कर अशा पॅकेजमध्ये घालणं मला अन्यायाचं वाटतं. पाळी चालू असताना, एंडोमेट्रिओसिसमध्ये, पोटाच्या टीबीतही तो वाढतो, आणि ती बाई कॅन्सरच्या भीतीने कित्येक रात्री जागते.

नातेवाइकांशी बोलताना

"आज रक्त तपासलं नाही?" हा प्रश्न येणारच, आणि त्यामागे काळजी असते. "गरज नाही" असं तोडून टाकू नका. असं सांगा: "काका, काल आकडे चांगले आले. ताप नाही, लघवी व्यवस्थित आहे, जेवताहेत. आज काढलं तरी औषध हेच राहणार. परवा काढू, आणि मध्ये ताप आला तर लगेच काढू." मिनिटभराचं बोलणं आहे. डेंगीच्या रुग्णात प्लेटलेटचा आग्रह फार असतो. तिथे पोटदुखी, उलट्या, हातपाय गार पडणं आणि वाढतं हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा) यांवर लक्ष ठेवलं आहे, हे समजावून सांगा.

शेवटची पायरी: बिघडलं तर नाही ना

दर महिन्याला अर्धा तास बसा. दर शंभर बेड-दिवसांमागच्या तपासण्या पाहा, पण त्याच कागदावर हेही हवं: अडवलेली तपासणी नंतर तातडीने करावी लागली असे रुग्ण किती, निदानाला उशीर झाला का, डिस्चार्जनंतर आलेल्या बिघडलेल्या रिपोर्टांपैकी किती रुग्णांना फोन गेला, आयएनआर आणि अल्ब्युमिनची यादी किती पूर्ण झाली. एकाही रुग्णाचं नुकसान दिसलं तर त्या दिवशी तो नियम थांबवा, पेपर सगळ्यांनी मिळून वाचा. डॉक्टरांना त्यांचे आकडे बंद पाकिटात द्या, बोर्डावर नावं लावू नका.

फरक टिकत नाही याचं सर्वात साधं कारण म्हणजे माणसं बदलतात. आरएमओंची नवी तुकडी ज्या दिवशी रुजू होते, त्याच सकाळी त्यांच्याकडून वीस मिनिटं मागून घ्या. भिंतीवरची यादी दाखवा, लॅबचा फोन नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये घालायला लावा. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्यांच्यापैकी एकाला ट्रॉलीबरोबर वॉर्डात पाठवा.